कौल बदलला, की कौल देणारे बदलले?



निवडणुकीचे दिवस आले म्हणजे आपल्या वऱ्हाडात पारावर, चहाच्या टपरीवर, एस. टी.च्या थांब्यावर एक बोलणं हमखास कानावर येतं. "पाह्यलं का राजेहो, परवापर्यंत आपला मानूस मागं होता. कालच्या सभेनंतर चार टक्क्यानं पुढं गेला म्हन्तात!" दुसरा लगेच म्हणतो, "मंग आता झालंच समजा." आणि तिसरा, जो इतका वेळ गप्प बसलेला असतो, तो तंबाखू मळता मळता मनाशी ठरवून टाकतो, की आपल्या उमेदवाराचं आता काही खरं नाही, मत वाया घालवण्यात काय अर्थ?

आजचं हे चार शब्दांचं बोलणं मुख्यतः त्या तिसऱ्या माणसासाठी आहे. कोणाला मत द्यावं हे सांगण्याचा माझा हेतू नाही आणि तो अधिकारही नाही. पण एका आकड्यावरून त्यानं आपलं मन बदललं, तर तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्याला आधी कळायला हवं. गुरुजींनाही माझी विनंती आहे, की शेवटपर्यंत ऐकावं. वर्गात करून पाहण्याजोगा एक सोपा प्रयोग यात आहे.

मतचाचणी म्हणजे काय? आपण म्हणतो ना, शितावरून भाताची परीक्षा. लाखो मतदारांना विचारणं शक्य नसतं, म्हणून हजार-दोन हजार माणसांना विचारायचं आणि त्यावरून सगळ्यांच्या मनाचा अंदाज बांधायचा. यात चूक काहीच नाही. बाजार समितीत व्यापारी पोतं रिकामं करीत नाही. पोत्यात पोकळ लोखंडी नळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो आणि भाव बोलतो. मात्र शहाणा व्यापारी वरवरचा माल पाहत नाही. कापसाची गाडी आली, तर तो हात कोपरापर्यंत आत घालतो. कारण वरचा थर कोरडा असला, तरी खालचा ओला असू शकतो. चाचणीचं सगळं मर्म यातच आहे. मूठभर घ्या, हरकत नाही. पण ती मूठ सगळ्या गाडीची असली पाहिजे.

आता आपला आजचा प्रश्न. दोन उमेदवारांचा जाहीर वाद झाला, किंवा मोठी सभा झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत आकडा हलला. त्याचा अर्थ कसा लावावा? आपल्याकडे उमेदवारांनी एका व्यासपीठावर समोरासमोर उभं राहून वाद करण्याची रीत रुजलेली नाही. आपल्याकडे सभा होतात, एकाची आज अन् दुसऱ्याची उद्या. १९७७ पासून आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना आपली बाजू मांडण्यासाठी वेळ मिळू लागला, पण तिथंही प्रत्येकानं आपापलं सांगायचं असतं. समोरासमोरच्या वादाची आणि त्यानंतरच्या चाचण्यांची मोठी परंपरा आहे ती अमेरिकेत. म्हणून काही दाखले आपण तिथले घेऊ आणि मग ते आपल्या अमरावती-अकोल्याच्या मापानं मोजून पाहू.

आकडा हलला, की तुम्ही चार प्रश्न विचारा. पहिला प्रश्न: हा हललेला आकडा केवळ योगायोगाचा तर नाही?

इथं गुरुजींचा प्रयोग. तुरीचे एक हजार दाणे मोजून घ्या. त्यांतले पाचशे निळ्या शाईत बुडवून वाळवा आणि सगळे एका मडक्यात घालून नीट ढवळा. एकेका मुलानं डोळे मिटून शंभर दाणे काढावेत, त्यात निळे किती ते फळ्यावर लिहावं, दाणे परत मडक्यात टाकून पुन्हा ढवळावं. मडक्यात निळे बरोबर निम्मे आहेत, हे साऱ्यांना ठाऊक आहे. तरी फळ्यावर काय दिसेल? एकाचे ५३, दुसऱ्याचे ४७, तिसऱ्याचे ५०, एखाद्याचे चक्क ४२. मडक्यातला एकही दाणा बदललेला नाही, तरी आकडा वरखाली होतोच. यालाच नमुन्याची चूक म्हणतात. चूक म्हणजे कोणाचा दोष नव्हे. मुठीचा स्वभावच तसा.

मूठ मोठी केली, तर हे हेलकावे कमी होतात. शंभर माणसांच्या चाचणीत आकडा खऱ्यापासून दहा टक्के इकडेतिकडे जाऊ शकतो. हजार माणसांच्या चाचणीत साधारण तीन टक्के. पण लक्षात ठेवा, हे तीन टक्के एका उमेदवाराच्या आकड्याचे झाले. एकाचे वाढले की दुसऱ्याचे घटतात, म्हणून दोघांमधलं अंतर सहा टक्क्यांपर्यंत हलू शकतं. शिवाय कालची चाचणी हीही एक मूठच होती आणि आजची दुसरी. दोन मुठींची तुलना करताना दोन्हींचे हेलकावे एकत्र येतात. म्हणून हजार माणसांच्या चाचणीत काल दोघं बरोबरीत होते आणि आज एक जण ५२ आणि दुसरा ४८ झाला, तर "सभेनं वारं फिरवलं" असं म्हणायला त्यात काहीच आधार नाही. इतका फरक मडकंसुद्धा दाखवतं, आणि मडकं कोणाची सभा ऐकायला जात नाही!

२६ सप्टेंबर १९६० रोजी अमेरिकेत केनेडी आणि निक्सन यांचा पहिला दूरचित्रवाणी वाद झाला. त्याआधीच्या गॅलप चाचणीत निक्सन ४७, केनेडी ४६ असे होते. वादानंतर केनेडी ४९, निक्सन ४६ झाले. केनेडींच्या वाढीचं माप पाहा: तीन टक्के, म्हणजे योगायोगाच्या पट्ट्यातलंच. प्रत्यक्ष मतदानात पावणेसात कोटींहून अधिक मतांपैकी केनेडींना सुमारे १ लाख १२ हजारांचीच आघाडी मिळाली, म्हणजे शंभरात पाव मताचीही नव्हे. वादाचा काहीच परिणाम झाला नाही, असं मी म्हणत नाही. परंतु तेवढ्या एका आकड्यावरून तो सिद्ध होत नाही.

दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे: उत्तर दिलं कोणी?

मघाच्या प्रयोगात मी तुरीचे निम्मे दाणे रंगवायला सांगितले. तूर आणि हरभरा का घेतला नाही? कारण हरभऱ्याचा दाणा मोठा. तो हाताला अधिक लागतो. मडक्यात दोन्ही सारखे असूनही मुठीत हरभरा जास्त येईल. माणसांचंही तसंच आहे. काही माणसं चाचणीवाल्याच्या हाती सहज लागतात, काही लागत नाहीत. आणि गंमत अशी, की कोण लागणार हे सभेनंतर बदलतं.

शंकरपट आठवा. ज्याची जोडी जिंकली, त्या गावची माणसं गुलाल उधळत रस्त्यानं जातात, न विचारता साऱ्यांना सांगतात. ज्याची जोडी हरली, ती माणसं आडवाटेनं मुकाट्यानं घर गाठतात. वाटेवर उभं राहून तुम्ही जाणाऱ्यांना विचारलंत, तर साऱ्या तालुक्यात त्या एकाच जोडीचे चाहते आहेत असं तुम्हाला वाटेल. चाहते तितकेच असतात. बोलणारे तेवढे बदललेले असतात.

आकड्यात पाहू. एका गावात हजार मतदार आहेत. पाचशे एका उमेदवाराचे, पाचशे दुसऱ्याचे. चाचणीवाला प्रत्येक दारी गेला. सभेआधी दोन्हीकडच्या निम्म्या माणसांनी उत्तर दिलं, म्हणजे २५० आणि २५०. बरोबरी. मग वाद झाला आणि पहिल्या उमेदवाराचं भाषण रंगलं. त्याची माणसं खुशीत आली. आता त्यांच्यातल्या ३०० जणांनी आनंदानं उत्तर दिलं. दुसऱ्याची माणसं हिरमुसली, त्यांच्यातल्या २०० जणांनीच तोंड उघडलं, बाकीचे म्हणाले, "बावा, मले येळ नाही." चाचणी निघाली ६० विरुद्ध ४०! वृत्तपत्रात मथळा येईल, की एका रात्रीत वीस टक्क्यांची आघाडी. आणि गावात एकाही माणसानं आपलं मत बदललेलं नाही.

असं खरोखर घडतं का? २०१२ च्या अमेरिकन निवडणुकीत ३ ऑक्टोबरला ओबामा आणि रॉम्नी यांचा पहिला वाद झाला. त्यात ओबामा फिके पडले, असं बहुतेकांचं मत झालं. प्यू नावाच्या नामांकित संस्थेच्या सप्टेंबरच्या चाचणीत ओबामा ५१, रॉम्नी ४३ होते. वादानंतर रॉम्नी ४९ आणि ओबामा ४५ झाले. म्हणजे आठांनी पुढे असलेला माणूस चारांनी मागे गेला. हा काही मुठीचा साधा हेलकावा नव्हे. मग लाखो लोकांनी चार दिवसांत पक्ष बदलला काय? त्याच निवडणुकीत अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी एका खेळयंत्राच्या मार्फत सुमारे साडेतीन लाख माणसांची उत्तरं गोळा केली होती. त्यांतले पुष्कळ जण पुनःपुन्हा उत्तरं देत होते आणि प्रत्येक जण कोणत्या पक्षाचा, मागील खेपेस त्यानं मत कोणाला दिलं, हेही नोंदलेलं होतं. त्या नोंदींच्या आधारे हिशेब जुळवून घेतला, तेव्हा दिसलं की उसळीचा बराच मोठा भाग मतं बदलल्यामुळे नव्हताच. ओबामांचे पाठीराखे त्या दिवसांत उत्तर देईनासे झाले होते, एवढंच. नोव्हेंबरात निकाल लागला: ओबामा ५१, रॉम्नी ४७.

इथं कोणी म्हणेल, की मग मूठ खूप मोठी केली म्हणजे झालं. नाही. १९३६ साली अमेरिकेच्या लिटररी डायजेस्ट साप्ताहिकानं सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या. चोवीस लाखांच्या घरात उत्तरं आली आणि त्यावरून लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत. ज्यांना पत्रिका गेल्या आणि ज्यांनी त्या भरून धाडल्या, ती माणसं साऱ्या देशासारखी नव्हती. ओला कापूस गाडीच्या तळाशी असेल, तर वरून चार मुठी घेतल्या काय आणि चाळीस घेतल्या काय, सारखंच.

म्हणून चाचणी वाचताना शोधा, की मागील निवडणुकीत कोणाला मत दिलं होतं, हे त्यांनी विचारलं आहे का. मागील मत काही सभेमुळे बदलत नाही. एखाद्या पक्षाचे जुने मतदार नव्या मुठीत एकदम वाढलेले दिसले, तर समजावं की मन हललेलं नसून मूठ बदलली आहे. याहून चांगली रीत म्हणजे सभेआधी ज्यांना विचारलं, त्याच माणसांकडे सभेनंतर पुन्हा जाणं.

आपल्या खेड्यांत आणखी एक अडचण आहे. चाचणीवाला ओसरीवर बसतो, भोवती दहा माणसं जमतात, पाटील समोर असतात. अशा वेळी शेतमजूर खरं मत मोठ्यानं सांगेल काय? घरातली बाई दादल्यासमोर वेगळं नाव घेईल काय? हे ओळखून दिल्लीच्या लोकनीती या संस्थेसारखे अभ्यासक नमुन्याची मतपत्रिका हाती देतात आणि घडी करून खोट्या मतपेटीत टाकायला सांगतात. ज्या चाचणीत असं काही केलेलं नसतं, तिच्यात सभेनंतर ज्याचं नाव गावात गाजतं आहे, त्याच्याकडे उत्तरं आपोआप झुकतात.

तिसरा प्रश्न: विचारलं काय?

"काल कोण चांगलं बोललं?" आणि "तुम्ही मत कोणाला देणार?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आपण कीर्तनकाराला वाहवा देतो, पण मुलीचं लग्न त्याला विचारून ठरवत नाही. १० सप्टेंबर २०२४ रोजी कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांचा वाद झाला. तो पाहणाऱ्यांच्या सी. एन. एन. च्या तातडीच्या चाचणीत ६३ टक्के लोक म्हणाले, हॅरिस सरस ठरल्या. मात्र या वादानं आमचं मत बदललेलं नाही, असंही त्यांच्यातल्या बहुसंख्यांनी सांगितलं होतं. नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले.

आणि विचारलं कोणाला, तेही पाहावं. आपण रेडिओची माणसं, तेव्हा ही गोष्ट आपल्याला विशेष लागू आहे. १९६० च्या त्या वादाविषयी एक कथा जगभर सांगतात, की दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना केनेडी सरस वाटले आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन. म्हणजे रूपानं बाजी मारली. कथा गोड आहे, पण तिचा पाया नाजूक आहे. ज्या चाचणीवरून ती निघाली, तिच्यात रेडिओवर ऐकणारे तीनशेहूनही कमी होते. शिवाय त्या काळी अमेरिकेत दहांपैकी जवळजवळ नऊ घरांत दूरचित्रवाणी संच आलेला होता. ज्यांच्याकडे तो नव्हता, ती बरीचशी खेड्यापाड्यांतली माणसं, आणि त्यांच्यातले अनेक वादाच्या आधीपासूनच निक्सन यांच्याकडे झुकलेले असण्याचा संभव मोठा होता. आवाजामुळे मत बनलं, की आधीच बनलेलं मत रेडिओपुढे येऊन बसलं, हे त्या चाचणीवरून ठरवता येत नाही.

चौथा आणि शेवटचा प्रश्न: हा आकडा माझ्या मतदारसंघाचा आहे का?

आता आपण घरी येऊ. २६ एप्रिल २०२४ रोजी अमरावती आणि अकोला या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान झालं. अमरावतीत बळवंत वानखडे यांनी नवनीत राणा यांचा १९,७३१ मतांनी पराभव केला. साडेअकरा लाखांहून अधिक मतांत हे अंतर म्हणजे शंभरात दोनहूनही कमी. हजार माणसांची चाचणी, जिच्यातलं अंतर सहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, ती असा निकाल आधी कसा सांगणार? तीळ तोलायला लाकडाच्या वखारीतला काटा चालत नाही.

अकोल्यात लढत तिरंगी होती. अनुप धोत्रे यांना ४,५७,०३०, अभय पाटील यांना ४,१६,४०४ आणि प्रकाश आंबेडकर यांना २,७६,७४७ मतं पडली. तिरंगी लढतीत एका उमेदवाराचे दोन टक्के कमी झाले, तर ते कोणाकडे गेले हे नुसत्या आकड्यावरून उमगत नाही; आणि साऱ्या महाराष्ट्राच्या चाचणीत तर अकोल्याची माणसं मोजकीच असतात. पुढे नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अकोला पश्चिममध्ये साजिद खान पठाण केवळ १,२८३ मतांनी निवडून आले. एवढी मतं एखाद्या मोठ्या गावातही असतात.

शिवाय मतं म्हणजे जागा नव्हेत. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या आघाड्यांना जवळजवळ सारखी मतं मिळाली, पण जागा झाल्या एकीला ३० आणि दुसरीला १७. मतदानानंतरच्या बहुतेक अंदाजांनी देशात सत्तारूढ आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. आणि त्याच महाराष्ट्रात नोव्हेंबरात महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी २८८ पैकी २३० जागा घेतल्या. ज्यांनी जूनच्या निकालावरून नोव्हेंबरचा अंदाज बांधला, ते फसले.

मग चाचण्या टाकून द्याव्यात का? मुळीच नाही. हवामानाचा अंदाज चुकतो म्हणून कास्तकार तो ऐकायचं सोडत नाही. पण एका ढगावरून पेरणीही करीत नाही. एका पावसानं जमीन ओलावली, की तो ढेकूळ फोडून ओल कुठवर गेली ते बघतो, दुसऱ्या पावसाची वाट पाहतो, मग तिफण बाहेर काढतो. चाचणीशीही तसंच वागावं. सभेच्या दुसऱ्या दिवसाचा आकडा ऐकून घ्यावा आणि आठवडाभर थांबावं. वेगवेगळ्या संस्थांच्या तीन-चार चाचण्या एकाच दिशेला गेल्या आणि आठवड्यानंतरही तिथंच राहिल्या, तर म्हणावं की काहीतरी खरंच हललं आहे. किती माणसांना, कधी, कसं विचारलं आणि पैसा कोणी दिला, हे ज्या चाचणीत सांगितलेलं नसेल, ती बाजूला ठेवावी. बिनमापाच्या पायलीनं ज्वारी कोणी घेत नाही.

कायद्यानंही या आकड्यांचा जोर ओळखला आहे. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत मतचाचणीचे निकाल दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांतून दाखवता येत नाहीत, आणि मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारून काढलेले अंदाज शेवटच्या टप्प्याचं मतदान आटोपेपर्यंत कोणालाही प्रसिद्ध करता येत नाहीत. मतदाराला दोन दिवस शांतपणे विचार करू द्यावा, हा त्यामागचा हेतू. पण त्या दोन दिवसांच्या आधी आपल्या मनाची राखण आपल्यालाच करावी लागते.

आता पारावरच्या त्या तिसऱ्या माणसाकडे परत येतो. भाऊ, चार टक्क्यांची बातमी ऐकून तू आपला उमेदवार सोडलास. तुझ्यासारख्या शंभर जणांनी सोडला. मग पुढची चाचणी खरोखरच घसरलेली दिसेल, आणि लोक म्हणतील, बघा, आधीचा आकडा बरोबर होता! मुळात जी मुठीची हालचाल होती, ती तुझ्या घाईमुळे मनाची हालचाल झाली. तू मन बदललंस तर बदल. तो तुझा हक्क आहे. उमेदवाराचं बोलणं ऐकून बदल, त्याचं काम पाहून बदल, शेजाऱ्याशी वाद घालून बदल. फक्त कोणी दार उघडलं नाही म्हणून हललेल्या आकड्यावरून बदलू नकोस.

आणि गुरुजी, तुरीचे ते दाणे प्रयोगानंतर फेकू नका. डब्यात घालून शाळेच्या कपाटात ठेवा. निवडणुका पुन्हा येतीलच.